आत्मसंरक्षण : हक्क आणि हद्द
(गावसभेत दिलेले व्याख्यान)



सभेचा विषय आत्मसंरक्षण असा कळताच गावात बोलवा उठली की, मास्तर आता लाठी फिरवून दाखवणार. त्या आशेने कोणी आला असेल तर त्याने खुशाल घरी जाऊन वैरणकाडी उरकावी. आम्ही फळ्यापुढचे माणूस. शिवाय लाठी आणि दांडपट्टा यांनी अंग घडते हे खरे, पण त्या विद्येला वर्षे लागतात. ज्या बाईला उद्या पहाटे ऊसतोडीला जायचे आहे, ज्या सुताराला बाजारचे पैसे कनवटीला लावून अंधारात परतायचे आहे, त्यांना तितकी सवड कोठली? त्यांना आज रात्री उपयोगी पडेल ते सांगितले पाहिजे.

तालमीचा आम्ही अनादर करीत नाही. लहुजी वस्ताद साळवे यांच्या पुण्यातील तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. पण १८५६ साली रात्री दोन मारेकरी घरात शिरले, तेव्हा त्यांच्या कामी काय आले? चरित्रकार सांगतात की, त्यांना जाग आली आणि तुम्ही कोण, कशासाठी आलात, असे त्यांनी सरळ विचारले. ते मारेकरीच पुढे त्यांचे अनुयायी झाले. प्रत्येक मारेकरी असा वळत नाही हे आम्हांस कळते; कोणी असल्या भरवशावर राहू नये. तरी जाग आणि ठिकाणावर असलेले डोके, ही हत्यारे गरिबाच्या घरीही असतात. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल येई, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा हिशेब करून घराबाहेर पडणे, याला आम्ही आत्मसंरक्षणाचा पहिला धडा म्हणतो.

तेव्हा बाजारचे पैसे दोन ठिकाणी ठेवावेत. कोणत्या वाटेने व केव्हा परतणार ते घरी सांगून जावे. अंधाऱ्या वाटेने मोबाईल कानाला लावून चालू नये. मागची चाहूल लागत नाही. लुटारूने सुरा दाखवून पैसे मागितले तर देऊन टाकावेत. पैसा पुन्हा मिळवता येतो, आणि घरी चार तोंडे वाट पाहत असतात. पळून जाण्यात लाज मानणारे लोक बहुधा पारावरच शूर असतात.

संकट अंगाशी आलेच तर पहिले हत्यार गळा. नुसते 'वाचवा' म्हणून ओरडल्यास दहा माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून एकाला धरून हाक मारावी : 'अहो लाल पटकेवाले दादा, इकडे या, हा माणूस मला ओढतो आहे!' ज्याला हाक मारली त्याला मग पाठ फिरवणे जड जाते.

कोणी मनगट धरले तर मागे ओढू नये. मुठीत चार बोटे एका अंगाला असतात आणि अंगठा एकटा दुसऱ्या अंगाला. जेथे अंगठा आणि बोटे मिळतात तेथेच मूठ कच्ची. आपल्या मनगटाची बारीक कड त्या फटीकडे वळवावी, कोपर वाकवावे आणि हात आपल्या खांद्याकडे एका हिसक्यात काढावा. धरणारा फार ताकदीचा असल्यास दुसऱ्या हाताने आपलीच मूठ धरून दोन्ही हातांचा जोर लावावा. मागून मिठी घातली तर अंग खाली सोडून टाच त्याच्या पायाच्या पंजावर हाणावी, कोपर बरगडीत मारावे. डोळे, नाक, गळा, जांघ आणि गुडघा या जागा पहिलवानाच्याही नाजूकच. सुटका होताच उजेडाकडे व माणसांकडे धावावे. आणखी एक तडाखा देण्यासाठी थांबू नये. मिरचीपूड बाळगणाऱ्या बहिणींनी वारा कोणीकडचा आहे ते पाहावे, नाहीतर ती आपल्याच डोळ्यांत जाते. कोयता मात्र झटापटीत हिसकावला जातो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

आता कायदा. 'साहेब, आम्ही हात उचलला तर आम्हीच आत जाऊ,' असे पुष्कळ लोक म्हणतात. हे अज्ञान आहे, आणि दांडग्यांचे त्यावर चांगले पोट भरते. स्वतःचा जीव, दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता यांचे रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची किंवा अंगावर तेजाब पडण्याची खरी भीती असेल, तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तो गुन्हा मानीत नाही. मात्र या हक्काला हद्द आहे. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्यास सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. चोर पळाला, पडला, हात जोडून बसला, की तुमचा बचाव संपला. त्यानंतरचा प्रत्येक तडाखा हा तुमचा गुन्हा.

ही हद्द ओलांडल्याने काय होते ते धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. त्या दिवशी बाजारात भिक्षेसाठी आलेल्या पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारे. मारणारे आपल्यासारखेच कष्टकरी आणि मरणारे त्यांच्याहून गरीब. आम्ही मुलांचे रक्षण करतो, असेच त्या जमावाला वाटत होते. म्हणून मोबाईलवर असला निरोप आला तर तो पुढे ढकलू नये, आणि गावात अनोळखी माणसाचा संशय आला तर ११२ क्रमांक फिरवावा. पोलीस येईपर्यंत त्या माणसाला बसवून पाणी द्यावे. निर्दोष निघाला तर गावाची अब्रू राहील, दोषी निघाला तर कोर्ट आहेच.

आणि खरे सांगायचे तर लेकीबाळींना धोका परक्यापेक्षा ओळखीच्याकडूनच अधिक असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे असेच दिसते की, बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तो शेजारी असेल, नातलग असेल, मालक असेल. मास्तरही असेल, आमच्या धंद्याची आम्ही भीड ठेवीत नाही. पोर एखाद्या घरी जायला नको म्हणत असेल तर तिच्यावर वसकन ओरडण्याआधी का ते विचारा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. असा प्रसंग झालाच तर अंग व कपडे धुऊ नयेत. कपडे कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. अशा बाईवर लगेच विनामूल्य प्रथमोपचार करणे सरकारी व खाजगी, दोन्ही इस्पितळांवर बंधनकारक आहे.

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असे उत्तर मिळेल. ते मानू नये. गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने लिहून घ्यावी लागते आणि फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. नकार दिला तर सारी हकिगत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. कागद आमचा, पैसा पडणार नाही.

आता बोलणे पुरे. समोरची सतरंजी गुंडाळा, मुलींना पुढे येऊ द्या आणि त्यांच्या आयांनाही. प्रत्येकीने शेजारणीचे मनगट घट्ट धरायचे आहे, आणि शेजारणीने ते अंगठ्याच्या बाजूने सोडवायचे आहे.