घडीच्या कॅमेऱ्याचे सोबती

माळ्यावरची पेटी उघडावी आणि जुन्या कपड्यांखालीं काळ्या चामड्याची एक चपटी वस्तु हातीं लागावी, असें कित्येक घरीं अजूनहि घडतें. कळ दाबतांच झांकण खालीं येतें, भाता पुढें सरकतो आणि त्याच्या टोकाशीं भिंग चमकूं लागतें. आजोबांचा घडीचा कॅमेरा! समजा, घरांतील नातीच्या मनांत आलें कीं, नव्वदीला टेकलेल्या आजीचें एक छायाचित्र याच यंत्रानें घ्यावें. मनोदय चांगला, पण त्यासाठीं फिल्म हवी, तिपाई हवी, कदाचित् एखादी पिवळी कांचहि हवी, आणि यांतील प्रत्येक वस्तु त्या यंत्राला नेमकी बसली पाहिजे.

श्रोतेहो, येथें पहिली ठेंच लागते ती नांवामुळें. यंत्रावर 'कोडॅक' वाचून मनुष्य कोडॅकच्याच वस्तु शोधीत सुटतो, 'झाइस आयकॉन' वाचून झाइसच्या. परंतु एकाच कारखान्यानें निरनिराळ्या मापांचीं यंत्रें काढलीं, आणि उलटपक्षीं भिन्न कारखान्यांच्या यंत्रांना एकच वस्तु चपखल बसते. नांव म्हणजे आडनांव. सोयरीक जुळते ती मापावर. म्हणून बाजारांत जाण्यापूर्वीं घरीं बसून माप घ्यावें, आणि दुकानदाराच्या 'बसेल हो, घेऊन जा' या आश्वासनावर विसंबूं नये.

रंगीत कांचेचेंच पाहा. अशा पुष्कळ कॅमेऱ्यांच्या भिंगाच्या कड्याला आंतून आटे नसतात. कांचेची चौकट वरून दाबून बसवावयाची असते. तेव्हां कड्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरनें मोजावा. ३२ व ३७ मिलिमीटर हीं मापें जर्मन यंत्रांवर वारंवार आढळतात. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चौकटीच्या स्प्रिंगसारख्या पाकळ्या हलक्या हातानें वांकवून भागतें. अधिक फरक असल्यास बळजबरी करूं नये, कारण अंतर जुळविण्यासाठीं पुढचें भिंगच फिरवावें लागतें अशीं यंत्रें पुष्कळ, आणि ओढाताणींत तें जागचें हलतें. शिवाय झांकण मिटण्यापूर्वीं कांच काढावी, हें विसरणारास भात्याची किंमत मोजावी लागते.

तिपाईचे स्क्रू दोन जातींचे: पाव इंची आणि ३/८ इंची. युरोपांतील जुन्या यंत्रांत मोठें भोंक सांपडतें. त्यांत बसवावयाची आटेदार बांगडी अल्प किंमतींत मिळते. स्क्रू मात्र लांब नसावा. फ्लॅशच्या नादीं या वयाच्या यंत्रानें न लागणेंच बरें. आजीला ओसरीच्या उजेडांत बसवावें.

खरी अडचण फिल्मची. आजोबांचा कॅमेरा 'कोडॅक सिक्स-२०' जातीचा असेल, तर त्याला ६२० क्रमांकाची फिल्म लागते. ही फिल्म कोडॅकनें १९३२ सालीं आणली आणि १९९५ सालीं बंद केली. १९०१ पासूनची १२० क्रमांकाची फिल्म मात्र आजहि निघते. नवल असें कीं, दोहींची रुंदी एकच! भेद आहे तो रिळाचा: ६२० चें रीळ बारीक दांड्याचें व लहान चकत्यांचें. म्हणून १२० ची फिल्म पूर्ण अंधारांत प्रथम एका रिळावर व तेथून ६२० च्या रिळावर गुंडाळावी लागते, म्हणजे तिचें आरंभाचें टोक पुन्हां बाहेर येतें. फिल्म कागदाला एकाच टोकाशीं चिकटविलेली असल्यामुळें शेवटीं तेथें फुगा येतो. ती पट्टी सोडवून पुन्हां सपाट चिकटवावी. एखाद्या वाया गेलेल्या फिल्मवर हा अभ्यास प्रथम उजेडांत, मग डोळे मिटून करावा. तत्पूर्वीं अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत विजेरी धरून सुईच्या टोंकाएवढीं छिद्रें शोधावीं; आणि मागच्या तांबड्या खिडकीवर काळी पट्टी लावावी, कारण आजच्या फिल्मला तांबडा उजेडहि कळतो. फिल्म पुढें सरकवितांना छायेंत उभें राहून ती क्षणभरच उचलावी.

आतां लक्षांत येईल कीं, अशा कॅमेऱ्याला ६२० चीं दोन रिळें हवींत: एक भरलेलें, एक रिकामें. बहुतेकदां पेटींत एकच निघतें, तेंहि कॅमेऱ्यांतच अडकून राहिलेलें. जुन्या बाजारांत खोक्याच्या तळाशीं असें धातूचें रीळ दिसलें तर भिंगाच्या टोपणापेक्षां तें आधीं उचलावें. आणि आठ चित्रें घेऊन झाल्यावर फिल्म धुण्यास देतांना 'रीळ परत पाहिजे' असें पाकिटावर ठळक अक्षरांत लिहावें. नाहींतर तें तेथील केराच्या टोपलींत जातें. परत आलेलें रीळ कॅमेऱ्याच्या पेटींतच ठेवावें.