रात्रपाळीचा डबा



परळीच्या थर्मलचा चालू संच रात्र झाली म्हणून बंद करता येत नाही. त्यामुळे आपल्या कितीतरी घरांत डबा रात्री भरला जातो. भाकरी, पिठलं, ठेचा. मीही बरीच वर्षं तो नेला. दोनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की डबा उघडतो. भूक नसतेच, झोप उडवायची असते!

पण पाळी बदलली म्हणून शरीराचं घड्याळ लगेच बदलत नाही. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, तीच भाकरी जास्त साखर चढवते. बोस्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९ निरोगी माणसांवर रात्रपाळीसारखा प्रयोग केला. रात्रीही जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. माणसं थोडी होती, तरी गोष्ट लक्षात घेण्यासारखी.

म्हणून पोटभर जेवण ड्यूटीला निघण्याआधीच करा. रात्री लागलंच तर मूठभर फुटाणे. मात्र शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ बदलू नये. साखर एकदम उतरून बॉयलरजवळ चक्कर येणं परवडणार नाही.

आणि वहिनी, सकाळी आलेल्या माणसाला पोहे थोडेच द्या. दुपारी पाहुणे आले तरी त्याला जेवायला उठवू नका.