पहिलें घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणाऱ्याच्या पायाखालीं बहुधा स्वतःची जमीन असे. दगड कोणत्या खाणींतला आणि वासा कोणत्या झाडाचा, हें त्यास ठाऊक असे. मुंबई-पुण्याच्या आजच्या गृहस्थाच्या वांट्यास हें भाग्य येत नाहीं. तो घर बांधीत नाहीं, घेतो; आणि पुष्कळदां तें घर त्या वेळीं केवळ कागदावर उभें असतें. मेथीची जुडी दोनदां उलटून पाहणारा माणूस जन्माची मिळकत ओततांना मात्र प्रश्न विचारण्यास संकोचतो, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

मालकीच्या घराची ओढ शहरांत फार पुरातन नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्यें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आंखणी झाली. १९१५ मध्यें गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. वरळी-नायगांवच्या सरकारी चाळींतून एकेक कुटुंब १६० चौरस फुटांच्या खोलींत संसार करीत होतें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूस स्थैर्य आलें, त्यामुळें पुष्कळांस घर विकत घेण्याची निकड भासली नाहीं. पुढें फ्लॅटांचा व्यापार वाढला, त्याबरोबर फसवणूकहि वाढली, आणि १९६३ मध्यें मालकीच्या सदनिकांविषयीं स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ चा स्थावर मिळकतीचा कायदा, ज्यास लोक ‘रेरा’ म्हणून ओळखतात, तो याच परंपरेंतला होय.

परंतु कायदा पुस्तकांत असतो आणि घर माणसांना घ्यावयाचें असतें. म्हणून गिरगांवांतील एका चाळींतल्या कुटुंबाची हकीकत येथें पुरेशी होईल. नवरा एका कचेरींत हिशेबनीस, बायको शिक्षिका, एक मुलगी, आणि घरांत वडील. पत्नी जाऊन त्यांस बरींच वर्षें झालेलीं. मुलगी दहावीस आली, अभ्यासास कोपरा मिळेना, तेव्हां डोंबिवलीकडे घर पाहावें असें ठरलें. वडील कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं गॅलरींत बसणारी चार समवयस्क मंडळी आणि सव्वा तासाचा लोकलप्रवास, यांची बेरीज-वजाबाकी ते मनांतच करीत असावेत.

पहिल्या रविवारीं तिघें नमुन्याचें घर पाहण्यास गेलीं. घर झकपक होतें. खोल्या प्रशस्त दिसत होत्या. हिशेबनीस हरखून गेला. सूनबाईंच्या मात्र लक्षांत आलें कीं, आंतल्या खोल्यांना दारेंच लावलेलीं नाहींत. दार नसलें म्हणजे तें उघडण्यास लागणारी जागाहि दिसत नाहीं. इतक्यांत वडिलांनीं खिशांतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर त्यांच्या खाटेचें माप लिहिलेलें होतें : लांबी सवा सहा फूट, रुंदी तीन फूट. तेथें मांडलेला पलंग त्यांनीं वितीनें मोजला. तो साडेपांच फूटहि भरला नाहीं.

“सूनबाई, या पलंगावर निजायचें तर पाय दुमडूनच निजावें लागेल,” एवढेंच ते म्हणाले.

नमुन्याचें घर हें घराचें चित्र असतें, माप नव्हे. माप पाहावयाचें तें करारनाम्यांत. चटई क्षेत्र, ज्यास व्यवहारांत ‘कार्पेट’ म्हणतात, त्याची व्याख्या आतां कायद्यानेंच केलेली आहे : आंतील विभाजक भिंती त्यांत धरतात, बाहेरील भिंती, नळांचे कोनाडे, बाल्कनी व मोकळी गच्ची धरीत नाहींत. भाव विचारावा तो याच क्षेत्राचा. जिना, लिफ्ट, व्हरांडा यांचे वांटे मिळवून फुगविलेला आंकडा ऐकण्यास गोड असतो, पण त्यांत खाट मावत नाहीं.

विक्रीच्या माणसानें त्या दिवशीं आणखी एक घाई केली. “आज वीस टक्के भरा, म्हणजे हाच भाव कायम राहील, करारनामा सवडीनें करूं,” असें तो म्हणाला. हिशेबनिसानें धनादेशाचें पुस्तक बाहेर काढलें होतें. “अहो, थांबा जरा,” असें म्हणून पत्नीनें तें त्यांच्या हातांतून घेतलें. रेराच्या कायद्याप्रमाणें लेखी करार करून तो नोंदविल्याशिवाय किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरास घेतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के स्वतंत्र खात्यांत ठेवून त्याच इमारतीच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करणें त्यास भाग असतें. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामांत दोष आढळल्यास तो विनाशुल्क दुरुस्त करून देण्याची जबाबदारीहि त्याचीच. हे हक्क फुकट मिळालेले आहेत. परंतु ज्यास ते ठाऊक नाहींत त्याच्या दृष्टीनें ते नसल्यासारखेच. तें घर त्यांनीं सोडलें.

पुढें चार महिन्यांनीं दुसरें घर मिळालें. लहान, पण इमारत पुरी झालेली आणि भोगवटा प्रमाणपत्र हातीं असलेली. किंमत पन्नास लाख रुपये. आतां खरी कसोटी आली, ती पैशाची. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जांत बँक किंमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊं शकते. मुद्रांकशुल्क व नोंदणी त्या किंमतींत धरीत नाहींत. म्हणजे दहा लाख पदरचे, आणि वरखर्चाचे सुमारें चार लाख निराळे. नवराबायकोजवळ मिळून अकरा लाख जमले होते.

त्या रात्रीं वडिलांनीं पेटींतून ठेवपावत्या काढल्या. भविष्यनिर्वाह निधीचे मिळालेले बारा लाख होते. “सारे घ्या. मला आतां काय करायचे आहेत?” ते म्हणाले. मुलाचे डोळे भरून आले. त्यानें हात पुढें केलाहि असता. सुनेनें मात्र निराळा हिशेब मांडला. चाळीस लाखांचें कर्ज साडेआठ टक्क्यांनीं वीस वर्षांचें घेतलें तर मासिक हप्ता सुमारें ३४,७१३ रुपये पडतो. पहिल्या महिन्यांत त्यांतील २८,३३३ रुपये व्याजाचे. मुदलांत फिटतात ते अवघे ६,३८०. वीस वर्षांत व्याजच त्रेचाळीस लाखांवर जातें. तेंच कर्ज पंधरा वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारें ३९,३९० होतो, आणि व्याजाचे बारा लाखांहून अधिक रुपये वांचतात.

“म्हणजे माझे पैसे घातले तर कर्ज लौकर फिटेल, असेंच ना?” वडिलांनीं विचारलें.

“फिटेल, बाबा. पण उद्यां तुम्हांला दवाखान्यांत न्यावें लागलें, तर औषधाला आमच्यापुढें हात पसरायचा? तें आम्हांला सोसणार नाहीं, आणि तुम्हांलाहि नाहीं.”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. घर घेतांना घरांतल्या वृद्धाची पुंजी त्यांत मिसळून टाकणें ही पुष्कळ कुटुंबांतील रीत आहे. तींत प्रेम असतें, यांत शंका नाहीं. परंतु भिंतींत गेलेला पैसा अडीअडचणीस बाहेर काढतां येत नाहीं, आणि ज्याच्या गांठीं चार पैसे उरत नाहींत त्याचा शब्दहि हळूहळू घरांत उरत नाहीं. अखेर तोड निघाली. कमी पडणारे तीन लाख तेवढे वडिलांकडून घ्यावयाचे, आणि तेहि उसने. दरमहा पांच हजारांप्रमाणें साठ महिन्यांत परत करावयाचे. कर्ज वीस वर्षांचें घ्यावयाचें. बदलत्या व्याजदराचें गृहकर्ज मुदतीपूर्वीं फेडल्यास व्यक्तीस दंड पडत नाहीं. म्हणून वडिलांची फेड संपली कीं ते पांच हजार बँकेच्या मुदलांत घालीत जावयाचे. वडील प्रथम रागावले. “मुलाला उसने देतो कोणी?” म्हणाले. मग स्वतःच उठून एक कोरी वही घेऊन आले.

नांवाचा प्रश्न राहिला होता. महाराष्ट्रांत २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांकशुल्कांत एक टक्क्याची सवलत मिळते. पन्नास लाखांवर तें पन्नास हजार होतात. “तुझ्या एकटीच्या नांवें घेऊं,” असें हिशेबनीस मनापासून म्हणाला. तिनें विचार केला आणि सांगितलें, “हप्ता दोघांचा, तर दार दोघांचें.” सवलत सोडून दोघांच्या नांवें दस्त नोंदविला गेला.

चाळ सोडण्याच्या दिवशीं खाट सर्वांत शेवटीं टेंपोंत चढली. नव्या घरीं ती खिडकीशीं नीट बसली. उशापाशीं वीतभर जागाहि उरली. गॅलरींतली मंडळी मात्र तेथें नव्हती, आणि पहिले कांहीं दिवस वडील संध्याकाळीं उगीच दारांत उभे राहत. तें दुःख कोणत्याहि करारनाम्यांत लिहिलेलें नसतें आणि तें हप्त्यांनीं फिटतहि नाहीं. महिना भरल्यावर सुनेनें पांच हजार रुपये त्यांच्या हातीं ठेवले. त्यांनीं चष्मा लावला, रुपये दोनदां मोजले, वहींत तारीख घालून सही केली, आणि त्यांतील शंभराची नोट काढून नातीस म्हणाले, “चल, खालीं बाजार कोठें आहे तो मला दाखव.”