साडेसहाचा पियानो

सुख नामक दुर्लभ वस्तूच्या शोधार्थ मनुष्य ग्रंथ, गुरू आणि तीर्थे धुंडाळीत असताना, जपानच्या टपालखात्यातील विमा विभागाने, आपले विमेदार दीर्घायुषी व्हावेत या काहीशा हिशेबी परंतु निरुपद्रवी हेतूने पुढाकार घेऊन, सम्राट हिरोहितो यांच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने १ नोव्हेंबर १९२८ रोजी नभोवाणीवर जी व्यायामाची प्रथा पाडली, ती ‘राजिओ ताइसो’ नावाने आजही तेथे सकाळी साडेसहाच्या ठोक्याला सुरू आहे. त्याच सुमारास आपल्याकडे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करीत होते, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो.

युद्धकाळात या जपानी कवायतीवर सरकारी हुकमतीची छाया पडली, पराभवानंतर ती काही वर्षे बंदही राहिली. १९५१ साली ती नव्या रूपात परतली. तेरा हालचाली, सुमारे तीन मिनिटे, आणि साथीला पियानो. आता सक्ती कोणावरच नाही. पांघरूण डोक्यावर ओढावे की दूर सारावे, हा निवाडा ज्याचा त्याने रोज नव्याने करावयाचा.

उन्हाळी सुटीत मुले गळ्यात दोरीने हजेरीचे पुठ्ठ्याचे कार्ड अडकवून, अर्धोन्मीलित नेत्रांनी मैदानावर येतात. सूर निघताच हात वर जातात. शेजारचे आजोबा उडीच्या जागी नुसत्या टाचा उचलतात. कवायत संपली की शिक्क्यासाठी रांग लागते, आणि कालचा चौकोन रिकामा राहिलेला एखादा मुलगा त्यावर हळूच अंगठा ठेवून कार्ड पुढे करतो.