संगणकाची डिस्क आजारी पडली तर...

(भोपाळ येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या व्यासपीठावर संतसाहित्य, आरोग्य, गुंतवणूक असे विषय नेहमी होतात. यंदा कार्यवाहांनी मला संगणकावर बोलायला सांगितले. मी संगणकतज्ज्ञ नाही. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात आयुष्य काढलेला माणूस आहे. पण बिघाड शोधण्याची रीत लेथ मशीनला काय आणि संगणकाला काय, सारखीच असते. म्हणून आज फक्त एका भागाविषयी बोलतो. तो भाग म्हणजे एसएसडी.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत. ती बिघडू लागली की बहुधा खटखट असा आवाज येई आणि घरच्यांना शंका येई. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. आत चिप्स असतात आणि त्यांचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. हा कंट्रोलर गेला, तर काल रात्री ठणठणीत असलेली डिस्क आज सकाळी संगणकाला दिसतसुद्धा नाही. ती आजारी पडते, पण कण्हत नाही. म्हणून माझे सगळे सांगणे एका वाक्यात आहे: शंका आली की आधी कॉपी, मग तपासणी, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी.

शंका केव्हा घ्यावी? संगणक मधूनच काही सेकंद थिजतो, एखादी फाइल उघडत नाही किंवा सेव्ह होत नाही, निळा पडदा वारंवार येतो, सुरू करताना डिस्क एकदा सापडते आणि एकदा सापडत नाही. यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

आपल्या मंडळाच्या संगणकाचेच उदाहरण घ्या. यंदा पावसाळ्यात वर्गणीची यादी उघडताना तो थिजू लागला. त्यात हिशेब तर होतेच, शिवाय जुन्या नाटकांचे स्कॅन केलेले फोटो आणि कॅसेटवरून उतरवलेली कीर्तने होती. त्यातले काही कीर्तनकार आज हयात नाहीत आणि मूळ कॅसेटना बुरशी लागली आहे. आम्ही प्रथम ते सारे उतरवून घेतले. त्यानंतर डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ही नोंद ठेवत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते.

केबलने जोडलेल्या साटा डिस्कच्या नोंदीत 5 क्रमांकाचा आकडा साधारणपणे निकामी झालेल्या जागांचा असतो. तो वाढत असेल तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. 199 क्रमांक, जो काही प्रोग्रॅममध्ये सी7 असा दिसतो, तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतील चुकांचा. आमच्याकडे 5 समोर शून्य होते आणि 199 रोज वाढत होता. केबल बदलली. जुना आकडा पुसला जात नाही, पण तो वाढायचा थांबला आणि थिजणेही थांबले. डिस्क निरोगी होती, दोष केबलचा होता. लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई पट्टीला केबल नसते. तिच्या नोंदीत किती टक्के आयुष्य वापरले, राखीव जागा किती उरली आणि माहितीत किती चुका आढळल्या, एवढे पाहावे.

‘लिहून लिहून एसएसडी झिजते’ ही भीती बरीच ऐकू येते. ती खरी आहे, पण हिशेब करून पाहा. 500 जीबीच्या एखाद्या डिस्कवर 300 टीबी लेखनाची हमी असते. घरी रोज 20 जीबी लिहिले, तरी ही मर्यादा गाठायला 15,000 दिवस, म्हणजे सुमारे 41 वर्षे लागतील. तेव्हा नुसत्या झिजेकडे पाहून स्वस्थ बसू नका. अचानक जाणारी वीज, उष्णता आणि कंट्रोलरचा बिघाड यांना 41 वर्षे लागत नाहीत. डेस्कटॉपला यूपीएस असावा.

आता दुरुस्तीची घाई का नको, ते सांगतो. माझ्या एका परिचितांचा संगणक सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्याने काही न विचारता डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले. संगणक सुरू झाला, पण त्यांच्या पत्नीच्या अखेरच्या दोन वर्षांचे फोटो गेले. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेले पुष्कळदा परत मिळे. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ नावाची आज्ञा पुसलेली जागा रिकामी असल्याचे डिस्कला कळवते, मग डिस्क ती खरोखरच साफ करते. नंतर पैसे मोजूनही सहसा काही हाती लागत नाही. म्हणून दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा, ‘माहिती हवी आहे, फॉरमॅट करू नका.’ हमीच्या काळात कंपनी डिस्क बदलून देईल, आतले फोटो देणार नाही.

आणखी दोन गोष्टी. नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. ती दुसऱ्या संगणकाला जोडली की 48 अंकी किल्ली मागते. ती आजच कागदावर उतरवून ठेवा. दुसरे, एसएसडीवर कॉपी करून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नका. वीज न मिळता, विशेषतः झिजलेल्या डिस्कमधली माहिती हळूहळू विरते, आणि उष्णतेत अधिक लवकर. भोपाळचा मे महिना आपल्याला ठाऊक आहेच. कपाटासाठी साधी बाहेरची हार्ड डिस्क बरी, तीही वर्षातून एकदोनदा लावून पाहावी. आणि एक प्रत दुसऱ्या घरी, मुलाकडे वा लेकीकडे असावी.

आपल्या मंडळाची दुसरी प्रत आता कोषाध्यक्षांच्या घरी आहे. सभासदांपैकी ज्यांना हे एकट्याने जमणार नाही, त्यांनी उत्सवानंतरच्या रविवारी संगणक आणि एक रिकामी डिस्क घेऊन कार्यालयात यावे. आपण मिळून कॉपी करू.

गणपती बाप्पा मोरया!