कान शाहिराकडे ठेवा

दिवाळी सरली की गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, रात्री दंडार, नाटक, नाहीतर खडी गंमत हे लोकनाट्य. आज बोलायचं आहे एका अमेरिकी सिनेमाबद्दल, पण तो समजायला खडी गंमतच कामी येते.

सिनेमा 1965 चा, नाव ‘कॅट बलू’. मास्तरीण व्हायला निघालेली वायोमिंगची एक मुलगी बापाच्या खुनाचा सूड म्हणून आगगाडी लुटते. मूळ कादंबरी गंभीर. सिनेमाही सुरू होतो तो तिच्या फाशीच्या तयारीपासून. तरी माणूस हसत राहतो. का?

नॅट किंग कोल आणि स्टबी के हे दोघे बँजो घेऊन पडद्यावर येतात आणि गोष्ट गाऊन सांगतात. पात्रांच्या अगदी जवळून जातात, पण पात्रांना ते दिसतच नाहीत! आपल्याला याचं नवल वाटू नये. खडी गंमतीत शाहीर उभ्यानेच कथा गातो, झीलकरी झील ओढतात, आणि त्यांच्या पुढ्यातच सोंगं रंगतात, लुगडं नेसलेला नाच्या ठुमकतो.

ऐकायचं ते इथेच. सोंगाड्या कितीही माकडचेष्टा करो, शाहिराचा आवाज भारदस्तच हवा. कोल तसाच गातो, जणू खरोखरचा पोवाडा. गाणाराच हसू लागला तर आपल्याला हसायला काय उरलं?

आता सोंगाड्या पाहा. ली मार्विन दारुड्या बंदूकबाज झालाय. त्या मुलीच्या बापाच्या प्रेताशी मेणबत्त्या तेवताहेत. हा झिंगलेला आत येतो, मेणबत्त्या बघतो आणि वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागतो! तेही अगदी मनापासून. प्रेक्षकाकडे बघून डोळा मिचकावला असता तर प्रसंग पडला असता. याच सिनेमात खलनायकही मार्विनच आहे, आणि या दुहेरी कामाला ऑस्कर मिळालं. मधली प्रेमकहाणी मात्र मला सपक वाटते. तिथे खुशाल चहा करून घ्या.

येत्या मंडईत खडी गंमत असेल तर ढोलकीच्या बाजूला, शाहिराजवळ जागा धरा. सोंगाड्या काय, कुठूनही दिसतो.