झिपऱ्या, की कुरळे केस?

गिरगाव-परळच्या शाळांत मुलींना दोन घट्ट वेण्या आणि रिबिनींची सक्ती असायची. सरळ केसांचं त्यात निभावून जायचं. कुरळ्या केसांच्या मुलीला मात्र रोज सकाळी ‘झिपऱ्या आवर’ ऐकावं लागे. आई कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी ओढायची, आणि केस आणखी पिंजारायचे. माझं म्हणणं एवढंच, की हे केस बेशिस्त नसतात, तहानलेले असतात.

केसाचं वळण डोक्याच्या कातडीतच ठरतं. रोमकूप गोल आणि सरळ असेल तर केस सरळ वाढतो. चपटा, वाकडा असेल तर वळत येतो. टाळूवर सुटणारं तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत उतरतं, वळणावळणाच्या केसावर वाटेतच अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि शेंडे रखरखीत.

त्यात आपली समुद्राची दमट हवा! केसातल्या प्रथिनाचे काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. इस्त्री फिरवून घराबाहेर पडलेले केस दादर स्टेशन येईस्तोवर पुन्हा का वळतात, त्याचं कारण हेच. गंधकाचे बंध चिवट असतात. ते रसायनाशिवाय तुटत नाहीत.

ओप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात केसांचे चार गट पाडले: सरळ, लहरी, कुरळे, अगदी घट्ट वळणाचे. गट उपयोगी आहेत, पण एकाच डोक्यावर मानेपाशी घट्ट बटा आणि कपाळापाशी नुसत्या लाटा असू शकतात. केस धुवा, काही न लावता, हात न लावता वाळू द्या. कुठे कसं वळण आहे ते दिसेल.

खोबरेलाबद्दल आजी बरोबर होती. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने ते साधलं नाही. दोघं तेव्हा खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीत होते, हे ध्यानात ठेवूनच वाचा. तरी खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू छोटा आणि सरळ असतो, हे खरंच. तेल न्हाण्याआधी लावा. लहरी केसांना अगदी थोडं, नाहीतर लाट बसते. अंगाचा साबण डोक्याला नको. त्याच्या अल्कलीने केस खरखरीत होतात. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो, पण तोही रोज वापरला तर कोरडेपणा आणतो.

गुंता ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच सोडवावा. बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने, शेंड्याकडून वर. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती पंचात केस नुसते दाबा.

आणि लालबागच्या सलूनमध्ये खुर्चीत बसण्याआधीच सांगा: ओले कुरळे केस ताणले जातात, वाळल्यावर दोन-चार बोटं वर चढतात. कात्री जपून चालवायची.